अकरा मात्रा आधी

दुपारी जेवून आडव्या न होणाऱ्या माणसाबद्दल प्रभंजन सोहोनींच्या मनात कायमची अढी आहे. पंचेचाळीस वर्षं ते संगीतावर लिहीत आले, आणि त्यांतली निम्मी बरी वाक्यं, त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे, दीड ते तीनच्या दरम्यान सुचलेली. आज मात्र झोप येऊ नये अशी त्यांची फार इच्छा आहे. गॅलरीतल्या आरामखुर्चीत ते ताठ बसायचा प्रयत्न करतात आणि दर दोन मिनिटांनी घसरतात. पोटावर एक जुनी वही उघडी पडली आहे. आतल्या खोलीतला पंखा एका फेरीला एकदा खट्‌ करतो.

सकाळी अकराला फोन आला होता.

"सोहोनी साहेब, मी मार्था उजागरे बोलते. उल्का बँडचे आमोस उजागरे, त्यांची मिसेस."

सोहोनी खुर्चीतून उभेच राहिले. आमोस उजागरे, पुण्याच्या 'उल्का'चे ड्रमर, जाऊन सात महिने झाले होते. अंत्यविधीला सोहोनी गेले नव्हते. गुडघा दुखत होता. म्हणजे दुखत होता हे खरं, पण तेवढा नव्हता.

"तुमच्या नादरेषा मासिकात बँडच्या पन्नास वर्षांचा अंक निघतोय म्हणे," मार्थाबाई म्हणाल्या. "त्यात ती ओळ परत येणार का?"

येणार होती. संपादक मृण्मयीनं चौकट आखूनसुद्धा ठेवली होती: आमच्या जुन्या अंकातून. सव्वीस वर्षांच्या सोहोनींनी 'उल्का'च्या 'क्षितिज' या चाळीस मिनिटांच्या रचनेच्या कॉलेजच्या हॉलमधल्या पहिल्या प्रयोगावर लिहिलेलं ते परीक्षण, आणि त्यातलं ते वाक्य: 'उल्का क्षितिजाकडे निघते, ड्रमर मात्र वाटेत हरवतो.' लोकांना फार आवडलं होतं. इतकं, की 'हरवलेला ड्रमर' हे उजागऱ्यांचं दुसरं नावच होऊन बसलं. रेकॉर्ड निघाली तेव्हा ते वाक्य ज्यावर होतं तो तिसरा भाग बँडनं काढून टाकला, आणि त्यानंतर त्रेचाळीस वर्षं आमोस उजागऱ्यांनी बँडमध्ये सरळ, साधे, कुणालाही कळतील असे ठेके वाजवले.

"छापायची तर छापा," मार्थाबाई म्हणाल्या. "मला फक्त एक सांगा. ते खरंच चुकले होते का? जाईपर्यंत म्हणत होते, मार्था, मी चुकलो नव्हतो. मी आपली हो हो म्हणायचे. मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही जाणकार आहात. काय असेल ते खरं सांगा. मला वाईट नाही वाटायचं."

"संध्याकाळी सांगतो, वहिनी," सोहोनी म्हणाले. मग माळ्यावरून त्या कार्यक्रमाची वही काढली.

वहीच्या पानावर निळ्या शाईच्या रेघा आहेत, एकेका मात्रेला एक, आठ-आठच्या ओळी. बँड आठात वाजवत होता. उजागऱ्यांचा जोराचा ठोका जिथे पडला तिथे रेघेभोवती वर्तुळ. पहिलं वर्तुळ पहिल्याच रेघेवर. नंतरची सहा भलत्याच जागी, आणि प्रत्येकापुढे तरुण, तिरप्या अक्षरात: चुकला. चुकला. चुकला. दहाव्या ओळीत पाच रेघा झाल्यावर हिशेब तुटतो. खाली लिहिलंय, 'पावणेआठ. प्रेस.' अंकाचा शेवटचा फर्मा त्या दिवशी साडेआठला छपाईसाठी बांधणार होते. सोहोनी कार्यक्रमातून उठून गेले होते.

पानाकडे बघता बघता रेघा एकमेकींवर टेकायला लागतात. पंखा खट्‌ करतो. पुन्हा करतो. एक, दोन, तीन, चार. सोहोनी घसरतात आणि या वेळी सावरत नाहीत. पाच, सहा, सात, आठ. शाईचा वास येतो.

छपाईचं ट्रेडल मशीन चालू आहे. प्रेस तीच, शनिवार पेठेतली, टाइपच्या खिळ्यांचे खण भिंतीला तसेच. मशीनवर कोणी नाही, तरी ते कागद ओढतंय आणि टाकतंय, आठात. खिडकीपाशी स्टुलावर आमोस उजागरे बसले आहेत. कानावर सुताराची चपटी पेन्सिल. पिंपरीच्या कारखान्यात ते लाकडी साचे करायचे, आणि ती पेन्सिल कानावर ठेवूनच स्टेजवर चढायचे. मांडीवर शाईचा रिकामा डबा, त्यावर दोन बोटं चालली आहेत.

सोहोनींना माहीत आहे की हा माणूस गेलेला आहे. भीती वाटत नाही. लाज वाटते.

"उजागरे, तुमच्या मातीला यायचं राहिलं माझं."

"मी होतो की," उजागरे म्हणतात. "गर्दी बरी होती. तुमचा गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे."

"मला वाटलंच." ते हसतात. हसण्यात खोच आहे, पण डंख नाही. "काय ओ सोहोनी, आज फर्मा बांधायची घाई आहे का?"

"नाही."

"मग बसा ना. त्या दिवशी तुम्ही बसलाच नाहीत."

सोहोनी बसतात ती खुर्ची लोखंडी, घडीची आहे. तिच्या पुढे खुर्च्यांची रांग, त्यापुढे आणखी रांग. कॉलेजचा हॉल भरलेला आहे. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर खिळ्यांच्या खणासारखं एकेक अक्षर चिकटवलंय, आणि माणसं आपापल्या अक्षराखाली गप्प बसली आहेत. स्टेजवर 'क्षितिज'चा तिसरा भाग सुरू आहे. गिटार आणि ऑर्गन आठात चालले आहेत, संथ, भरल्या नदीसारखे. उजागरे ड्रमवर आहेत, आणि सोहोनींच्या शेजारच्या खुर्चीतही उजागरेच आहेत. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

पहिला जोराचा ठोका बरोबर समेवर पडतो. दुसरा पडतो तो ओळीच्या मध्येच.

"हे बघा," सोहोनी शेजारी झुकून म्हणतात, "इथेच. इथे तुम्ही सुटलात."

"तबल्याच्या तीन परीक्षा दिल्यात ना तुम्ही?"

"दिल्यात."

"मग नुसतं कुठं पडला ते काय लिहिताय? किती चालून पडला, ते मोजा."

सोहोनी मोजतात. मघाच्या ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत. अकरा. त्यानंतरचा, पुन्हा अकरा. एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही. चुकणारा माणूस एकसारखा चुकत नाही, हे कळायला तीन परीक्षांची गरज नव्हती.

"अकरा का पण?" ते विचारतात.

"चला, दाखवतो," उजागरे म्हणतात, आणि हॉलचा पडदा बाजूला करतात.

नगरच्या मिशन कंपाउंडचं मैदान आहे. मधोमध चर्च, सभोवती गोलाकार आठ कौलारू घरं. भर दुपार आहे, ऊन तापलंय, तरी प्रत्येक दारावर कागदाची चांदणी पेटलेली आहे. चर्चच्या आत कुठेतरी ट्रेडल मशीन आठात चाललंय. एक म्हातारे गृहस्थ गळ्यात ढोलकी अडकवून पुढे उभे आहेत, डोक्याला मफलर.

"आमचे वडील, दादा," उजागरे सांगतात. "नाताळात गाणी म्हणत घरोघर जायचं असतं आमच्यात. सगळे ओळीनं जातात, पहिलं घर, दुसरं घर. दादा तसं जायचेच नाहीत. आपल्या दारात पहिलं गाणं, मग अकरा दारं मोजायची आणि अकराव्याला थांबायचं. तिथं गाणं. पुन्हा अकरा."

"आठच घरं आहेत की."

"म्हणून तर! ओळीनं गेलं की लोक तयार होऊन बसतात. असं गेलं की आपली पाळी कधी ते कुणालाच कळत नाही. आणि राहत मात्र कुणी नाही. चाला."

ते चालतात. सोहोनींचा गुडघा बिलकुल दुखत नाही. अकरा दारं, की चौथं घर. गाणं. अकरा दारं, की सातवं. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते आश्चर्य, पिठाचे हात, आणि ढोलकीचा तो एकच भरलेला ठोका. मग दुसरं घर, मग पाचवं, आठवं, तिसरं. एकही दार दुसऱ्यांदा येत नाही. सोहोनींना वाटतं, आपण आयुष्यभर तालाबद्दल लिहिलं आणि ताल म्हणजे काय ते आज बघतो आहोत. ते घाबरून उजागऱ्यांकडे बघतात. देवळाच्या गाभाऱ्यात एखादा बघेल तसं.

तिसऱ्या घरचं गाणं संपतं. ते पुन्हा निघतात, दारं मोजत. मोजणी दहावर येते आणि सोहोनींच्या मनगटावरचं घड्याळ एकदम जड होतं. पावणेआठ. त्यांचे पाय आपोआप फाटकाकडे वळतात. फाटकाबाहेर हॉलचा पडदा लोंबतोय.

उजागरे अडवत नाहीत. "जायचं तर जा," ते म्हणतात. आवाजात राग नाही, हे सोहोनींना सर्वांत जास्त लागतं. "तेव्हा इथूनच गेला होतात."

"किती घरं राहिली होती?"

"एकच."

सोहोनी वळून बघतात. सहाव्या घराच्या दारात एक मुलगी उभी आहे, हातात करंज्यांचं ताट. तिच्याकडे कुणी आलेलं नाही. सगळ्या कंपाउंडला गाणं ऐकून झालंय आणि ती अजून उभी आहे. आवाज मात्र सकाळच्या फोनवरचाच, थकलेला: "ते खरंच चुकले होते का?"

"मार्थाचं घर," उजागरे हळूच म्हणतात. "तेव्हा लग्न व्हायचं होतं आमचं. तो सगळा तिसरा भाग मी या दारापर्यंत पोचायला बांधला होता ओ. हिला कधी सांगितलं नाही. रेकॉर्डमध्ये येईल तेव्हा ऐकवू म्हटलं."

सोहोनी मनगटावरचं घड्याळ काढतात, खिशात टाकतात आणि परत फिरतात. उजागरे कानावरची पेन्सिल काढून त्यांच्या हातात देतात.

"आता तुम्ही मोजा. मी वाजवतो."

सहाव्या दारात ठोका पडतो आणि ती मुलगी हसते. एक. सोहोनी पुढे चालतात. दोन, तीन. चर्चमधलं मशीन आठात चाललंय. चार, पाच, सहा. गिटार येते, ऑर्गन येतो, कौलांवरून, विहिरीतून. सात, आठ. हॉलमधली सगळी माणसं आपापल्या अक्षराखालून उठून उभी राहिली आहेत. नऊ. सोहोनींना धाप लागते, भीती वाटते, जुळलं नाही तर? दहा. अकरा.

आणि सम.

आठ आणि अकरा एकाच दारात, एकाच क्षणी येऊन उभे राहतात. ज्या दारातून निघाले होते त्याच दारात. ढोलकीचा, ड्रमचा, मशीनचा, सगळ्यांचा मिळून एकच ठोका. सोहोनींच्या छातीत तो इतका खोल जातो की क्षणभर त्यांना वाटतं, आपणही गेलो. मागे हॉल गर्जतो. ही गर्जना त्यांनी ऐकलेली आहे! चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, पायऱ्या उतरताना, बंद दाराआडून. लोक ड्रमरला हसतायत, असं तेव्हा वाटलं होतं त्यांना. तसं लिहिलंही होतं.

"उजागरे," ते म्हणतात. ते रडत आहेत. "आधी का नाही सांगितलंत मला?"

"तुम्ही विचारलं कधी?" उजागरे म्हणतात. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात. हात जड आहे, लाकडाच्या भुशाचा वास येतो. "थांबलात आज. बरं वाटलं."

पंखा खट्‌ करतो.

गॅलरीत ऊन पायांपर्यंत आलंय. तीन वाजून गेलेत. खाली कुणीतरी स्कूटर चालू करतंय. सोहोनी डोळे उघडतात. गाल ओले आहेत, खांदा जड आहे, आणि स्वप्नांना काय, कसलीही पडतात, असं ते स्वतःला सांगून बघतात. एवढी वर्षं मनाला टोचत होतं, ते वर आलं, बस. मग पोटावरून सरकलेली वही उचलतात.

दहाव्या ओळीत पाच निळ्या रेघा आहेत. त्यांच्या पुढे तीन करड्या. त्यांतल्या पहिलीभोवती वर्तुळ. खाली अकरावी ओळ, आठही रेघा करड्या, जाड, चपट्या. सुताराच्या पेन्सिलीच्या. सोहोनींच्या घरात पेन्सिल नाही, नातू अमेरिकेला गेल्यापासून तर मुळीच नाही. ते बोटानं वर्तुळं मोजत जातात. पहिला रकाना, चौथा, सातवा, दुसरा, पाचवा, आठवा, तिसरा, सहावा. एकही घर राहिलेलं नाही. आणि बाराव्या ओळीच्या सुरुवातीला एकच रेघ, तिच्याभोवती वर्तुळ, अगदी वरच्या पहिल्या निळ्या वर्तुळाच्या सरळ रेषेत खाली.

ते त्यावर अंगठा फिरवतात. अंगठ्याला शिसं लागतं.

मृण्मयीला फोन नंतर. चौकट राहू दे म्हणून सांगायचं, परीक्षण जसंच्या तसं छाप, आणि त्याच्या शेजारी हे पान. पण ते नंतर. संध्याकाळ व्हायची वाट न बघता ते सकाळचा नंबर लावतात. पलीकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला जातो, जणू कुणी दारातच उभं होतं.

"वहिनी," सोहोनी म्हणतात, "ते चुकले नव्हते. मी अकरा मात्रा आधी उठलो."

सोहोनी थांबतात. आज त्यांना कुठेही जायचं नाही.

"आणि अजून एक सांगायचंय," ते म्हणतात. "ते कुठे निघाले होते, ते."