ताप कुणाला जागं करून गेला?

सोमशेखर सर राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे आणि मी गणित. २००१च्या जुलैत एका सकाळी फळ्यावर पेशीची आकृती काढताना त्यांच्या हातातून खडू पडला. उचलायला वाकले, ते उजव्या पायावर उभंच राहता येईना. पुण्यात एमआरआय झाला. मल्टिपल स्क्लेरोसिस, डॉक्टर म्हणाले. शरीराची संरक्षणयंत्रणाच मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब करते. कशामुळे, ते नक्की माहीत नाही.

हे ‘माहीत नाही’ सरांना सहन होईना.

पायात थोडी ताकद आल्यावर ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊ लागले. चार वर्षांपूर्वी त्यांना तीन आठवडे ताप होता, मानेत गाठी आल्या होत्या. तो विषाणूचा ताप. वाचता वाचता त्यांच्या हाती एक गोष्ट लागली. लाखो वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना जडलेल्या काही विषाणूंचे तुकडे आपल्या डीएनएतच राहून गेलेत. माणसाच्या डीएनएचा जवळजवळ बारावा हिस्सा तसला. बहुतेक तुकडे निपचित असतात, पण नवा विषाणू पेशीत शिरला की काही जागे होतात, असं प्रयोगशाळेत दिसलं होतं. सरांच्या आजाराच्या रुग्णांतही असा एक तुकडा जागा सापडला होता.

“मग माझ्या तापानं तेच केलं असेल का?” हे ते मला जिन्यात विचारायचे, रिक्षाची वाट बघताना विचारायचे.

परदेशातल्या एका संशोधिकेला त्यांनी ईमेल केला. मग रोज क्लास सुटला की सायबर कॅफे. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं. तुमच्या बाबतीत काय झालं ते आज कुणीच सांगू शकत नाही. ते तुकडे जागे झाल्यामुळे आजार होतो, की आजारामुळे ते जागे होतात, हेही ठरलेलं नाही.

सरांनी त्या उत्तराच्या छापील कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हाही तो हातातच होता.

त्यांच्या आई शांतव्वा मला म्हणाल्या, “कुणाकडनं आलं ओ हे? माज्या म्हायेरात असं कुणाला न्हवतं. तापात धा दिवस मी काढाच पाजत बसले. तवाच आत काय तर बिघडलं आसंल.”

“अव्वा, त्या तापावर औषधच न्हवतं,” सर म्हणाले. “डॉक्टरबी पडून ऱ्हा म्हणाला असता. आन् ते तुकडे सगळ्यांच्यात हायत. तुज्यात, ह्या सरांच्यात, डॉक्टरच्यात बी.”

सरांच्या पत्नी पवित्रावहिनींना सातवा महिना लागला होता. त्या हळूच म्हणाल्या, “मग बाळात बी?”

“व्हय.”

शांतव्वांनी सुनेच्या पोटाकडे पाहिलं. मग सरच म्हणाले, “पर त्यातला एक तुकडा कामाचा हाय. पोटात बाळाला पोसणारी वार असती न्हवं, ती नीट तयार व्हायला त्योच लागतोय.”

“म्हंजे जुना रोग पोर पोसतोय?” शांतव्वांनी विचारलं.

“तसंच म्हण.”

“मग त्यालाच इचार की, तुज्या पायाचं काय.”

सर हसले. कितीतरी महिन्यांनी हसले असतील. पण लगेच उठून टेबलावरच्या झेरॉक्स उलथ्यापालथ्या करू लागले.

मुलगी झाली, धडधाकट. सौंदर्या नाव ठेवलं. बारशात शांतव्वा बायकांना सांगत होत्या, पोराचा आजार कुणाच्या घराण्यातनं आलेला न्हाय.

पाय पूर्ण सुधारला नाही. २००४ला एक डोळा महिनाभर अंधूक झाला, मग बराचसा परतला. क्लासनं सरांना खुर्ची दिली. शेजारच्या वर्गात शिकवताना मला ती सरकल्याचा आवाज यायचा. बसून पाच मिनिटंही झालेली नसायची, भिंतीला धरून सर उभे राहिलेले असायचे.