मला ‘माय’च म्हणायचं

बायांनो, दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहायला बसले.

आज लेकीला आणि तीन महिन्यांच्या नातीला अकोल्याहून अमरावतीला, तिच्या सासरी सोडायला गेले. चहा झाल्यावर लेक म्हणाली, "आई, इकडे ‘आजी’ नाव सासूबाईंनी घेतलं. तुले ‘नानू’ म्हणायचं ठरलं."

"घेतलं म्हणजे? प्लॉट आहे का तो? अन् ठरवताना मले कोणी विचारलं?"

मला ‘माय’ हवं होतं. पातूरच्या माझ्या आजीला मी माय म्हणायची. लोकांच्या वावरात निंदून तिनं मला शिकवलं, म्हणून मी नर्स झाले.

लेक हळूच म्हणाली, "माय गावठी वाटते वं."

तीन महिने शेकशेगडी करून घेतली, तेव्हा नाही वाटली गावठी! डोळे भरून आले, पण विहीणबाईंसमोर रडायचं नव्हतं.

विहीणबाई म्हणाल्या, "इतकं काय मनावर घेता? नाव कोणतंही चालतं."

"मग बदलून घेऊ. तुमी नानू व्हा, मी आजी होते."

त्या चहाचे कप आवरायला लागल्या. जावई मोबाईलमध्ये.

निघताना नातीला उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मायले विसरू नको बरं, बाई." लेकीनं मान खाली घातली, पण मला टोकलं नाही.

लेकरू अजून नुसते हुंकार देतंय, अन् आमची नावं वाटूनही झाली! तुमच्याकडे आजीला विचारतात का हो, की परस्परच ठरवतात?