मोडेमला वाहिलेलं कुंकू

मोडेमला मी हळदीकुंकू वाहिलं होतं. खंडेनवमीला कचेरीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा होते, मग फोनच्या तारेला जोडलेलं हे डबडंच उपाशी का? नुसतं बोट टेकवलं असतं तरी भागलं असतं, पण मी हौशी. चिमूटभर कुंकू सोडलं, वर झेंडूचं फूल. कुंकू जाळीतून थेट पोटात. पंचेचाळिशीची बाई, आणि अक्कल ही एवढी!

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी एका छोट्या दैनिकाच्या सातारा कचेरीत बातम्या टाइप करायची. छापखाना सांगलीला. संध्याकाळी बातम्यांची फाइल मोडेमवरून तिकडं धाडायची. आज नात चालता चालता लग्नाचा आख्खा अल्बम पाठवते. आमच्या चार पानांना वीस मिनिटं लागायची. सांगलीला फाइल उतरवून घ्यायची माझी मैत्रीण, रोज तासगावहून ये-जा करणारी. फाइल सोडण्याआधी सासवा, गुडघे, सगळं फोनवर बोलून घ्यायचो. कुंकवाचं मी फक्त तिलाच सांगितलं. पोट धरून हसली.

दसरा झाला आणि फाइल अडकायला लागली. निम्मी जायची, मग पडद्यावरची पट्टी गोठायची. पुन्हा जोडा, पुन्हा निम्मी. मी वायर बदलली, शेजारच्या खोलीतला फोन काढून ठेवला, जुन्या टूथब्रशनं मोडेमची जाळी घासली. एकदा तर त्याला हात जोडून "चुकलं बाबा" म्हणाले.

चौथ्या दिवशी साहेबांनी बोलावलं.

"बाई, मशिनीत कुंकू घालता म्हणे? शनिवारपर्यंत फाइली नीट गेल्या नाहीत तर कॉम्प्युटर दुसऱ्याकडं. तुम्ही परत टाइपरायटरवर."

कुणी सांगितलं, हे विचारायची गरजच नव्हती. तरी मी भोळसट घोकत राहिले, बिचारीच्या तोंडून निसटलं असेल.

शुक्रवारी फ्लॉपी घेऊन एसटीनं सांगली गाठली. मैत्रीण जेवायला गेलेली. तिच्या कॉम्प्युटरवर मोडेमची सेटिंग उघडली. आमच्या लाइनवर खरखर फार, म्हणून वेग कमी ठेवायचा, हे आम्ही दोघींनीच ठरवलेलं. तो आकडा कागदावर लिहून तिनं मॉनिटरला चिकटवला होता. आता तो खोडलेला, शेजारी तिच्याच अक्षरात तिप्पट वेग! जुना आकडा घातला, साताऱ्याच्या वार्ताहराला फाइल सोडायला सांगितलं. एका दमात आली. कुंकू पोटात घेऊनही माझं डबडं ठणठणीत होतं.

ती आली, मला खुर्चीत बघून दारातच थबकली.

"वेग तू वाढवलास?"

"सहाची गाडी चुकायची गं. म्हटलं, फाइल लवकर उतरंल."

"अडकायला लागली तेव्हा कळलं नाही?"

"कळलं की, दुसऱ्याच दिवशी. पण तवर साहेबांना तुझं कुंकू सांगून बसले होते."

भांडण तोंडाशी आलं होतं, पण हात फोनकडं गेला. साताऱ्याला साहेबांना फोन लावला. सेटिंग चुकली होती, आता फाइल आली, एवढंच सांगितलं. कुणी चुकवली, ते नाही. कॉम्प्युटर माझ्याकडं राहिला. त्या दिवसापासून फोनवर मात्र आम्ही फक्त फाइलचंच बोललो.

त्या शुक्रवारी ती मला स्टँडवर सोडायला आली होती. एसटी सुटताना खिडकीतून माझ्या मांडीवर बेदाण्याची पुडी टाकली आणि म्हणाली, "राग न्हाई ना आला? दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तो भांडत आला असता. म्हटलं, तुझंच घ्यावं. तू काय, हसून सोडतीस."