भिजवलेलं खाद्य

प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणारी मी, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत पिंजरे सांभाळणारे ते. त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी लांब, फोन रविवारी. बोलायला माणूस नाही म्हणून ते उंदरांशी बोलत. "काय आजोबा, आज रुसलात का?" हे मी भिंतीआडून ऐकायची आणि खुदकन हसायची. जात्यातले रडतात, सुपातले हसतात. मी तेव्हा सुपात होते.

पिंजऱ्यांतले सगळे उंदीर म्हातारे. प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाईंचा प्रयोग असा होता: तरुण उंदरांच्या रक्तातल्या पेशी काढून टाकल्या की जे पिवळसर पाणी उरतं, तो प्लाझ्मा, अर्ध्या म्हाताऱ्यांना दर आठवड्याला टोचायचा. बाकीच्यांना नुसतं मिठाचं पाणी. थकलेली आतडी पुन्हा नीट पचवू लागतात का, ते बघायचं. कुणाला काय टोचलं जातं हे मामांना सांगितलेलं नव्हतं. एका रांगेला निळी चिठ्ठी, दुसरीला पांढरी, एवढंच. सगळ्यांना सारखं कोरडं खाद्य घालायचं, उरलेलं तोलायचं, लेंड्या डब्यांत भरायच्या, हे त्यांचं काम.

महिन्याभरात निळी रांग जाळीवर चढायला लागली. पांढरी रांग खाद्य हुंगून कोपऱ्यात बसायची.

एका दुपारी बाटल्या न्यायला गेले, तर मामा जेवायच्या डब्यात पाव दुधात कुस्करत होते. दुसरं काही त्यांना सोसायचंच नाही. शेजारी वाटीत उंदरांचं खाद्य भिजत पडलं होतं.

"हे कुणासाठी?"

"पांढऱ्यांसाठी. कोरडं पचत नाही गं त्यांना. मला कळतं ना ते."

"बाईंना माहीत आहे?"

"चार थेंब पाण्यानं काय होतंय?"

मीही गप्प बसले. उंदराला मांजर साक्ष, दुसरं काय!

चार महिन्यांनी बाईंनी भिंतीपलीकडे मामांपुढे आकडे मांडले. खाणं-पचणं दोन्ही रांगांचं सारखंच. "प्लाझ्माचा उपयोग शून्य," बाई म्हणाल्या. "तसं लिहून टाकते. या खोलीत दुसरा प्रयोग लावू." त्यांचा आवाज पार उतरला होता.

मामांनी नुसतं तोंड मिटून राहायचं होतं. खोली, पिंजरे, सगळं राहिलं असतं. मी नळ बंद करून कान लावला. गप्प बसा हो मामा, असं मनात म्हणत होते.

"बाई, पांढऱ्यांना मी भिजवून घालत होतो."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "चार महिने, मामा?" एवढंच त्या म्हणाल्या.

मामांची बदली तळघरातल्या गोदामात झाली, खोक्यांवर शिक्के मारायला. प्रयोग पहिल्यापासून लागला, नवे म्हातारे उंदीर आले, आणि पिंजरे आले माझ्याकडे. भिजवणाऱ्याला शिक्षा आणि बघत बसणारीला बढती. मला स्वतःची लाज वाटली, पण पिंजरे मी घेतले.

तिसऱ्या आठवड्यात एका उंदरानं खाणं सोडलं. मी जेवणाच्या सुट्टीत तळघरात गेले. मामा एकटेच खोक्यावर डबा उघडून बसले होते.

"मामा, एक खातच नाही. काय करू?"

त्यांचा चमचा दुधातच राहिला. "कोरडंच घाल."

"खंगतोय हो तो."

"कळलं. तरी कोरडंच. बोल मात्र त्याच्याशी. बोलायला काही मनाई नाही."

"तुम्ही इथे कुणाशी बोलता?"

"खोकी काही उत्तर देत नाहीत," मामा म्हणाले आणि पाव कुस्करू लागले. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून होती, आणि मी त्यांना हे आज विचारत होते.

वर येऊन मी त्या पिंजऱ्यात कोरडं खाद्य घातलं, तोलून. तो हुंगून कोपऱ्यात गेला. "काय आजोबा, रुसलात का?" मी म्हटलं. भिंतीपलीकडे हसायला कुणी नव्हतं.