गुरू ग्रहाची बाजू घेणारा माणूस

गुरू ग्रहावर जीव असू शकतो की नाही, हा प्रश्न जगात ज्याला सोडवायचा त्याने सोडवावा. प्रताप नगरात तो आमच्या घरमालक काकांनी केव्हाच सोडवून टाकलेला आहे. असू शकतो. पुरावा मागणाऱ्याला ते चहा विचारत नाहीत.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाप्याजवळच्या आमच्या शेतकरी घरातला मी पहिला ग्रॅज्युएट, तोही फिजिक्स घेऊन, आणि हे सांगायला मी लाजत नाही. पण त्या डिग्रीपायी काकांनी मला कायमचा साक्षीदार करून टाकलं. भाजीच्या ठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरपुढे त्यांनी विषय काढला आणि तोंडात हत्यारं गेल्यावर उरलेलं मला बोलायला लावलं. मी खरं तेच सांगायचो. गुरूवर उभं राहायला जमीन नाही, नुसता वायू. खाली जावं तसा दाब आणि उष्णता वाढत जाते. जीव अजून सापडलेला नाही आणि टिकणंही फार कठीण. काका म्हणत, "कठीण म्हणजे नाही, असं कुठं असते गा? मासोळीले जमीन लागते काय?" त्यांच्या मते मधल्या ढगांत, जिथे थंडीही बेताची अन् उकाडाही बेताचा, तिथे फुग्यासारखे जीव जन्मभर तरंगत असतात. उन्हाळ्यात स्वतः कूलरसमोर बसून ते या जीवांची काळजी करत. तिथलं वादळ पिढ्यान् पिढ्या थांबत नाही, मग बिचारे झोपत कधी असतील?

काकू गेल्यापासून घरात काका आणि त्यांची एकुलती मुलगी, आमची ताई, दोघंच. ताई बँकेत नोकरीला. तिची दोन स्थळं या गुरूपायी गेली होती. एका घराने तर मध्यस्थाकरवी विचारलं होतं, की मुलीच्या वडिलांना कुठलं औषध चालू आहे का. म्हणून धरमपेठचे लोक तिला बघायला यायच्या दिवशी तिने मला जिन्यातच गाठलं. "भाऊ, हा पोरगा मले पसंत आहे. आज बाबाले गुरूवर जाऊ देऊ नका."

मी काकांना चिकटून बसलो. संत्री, उन्हं, खोदलेले रस्ते, सगळे विषय सुरळीत झाले. पोहे आले, चण्यांच्या झणझणीत तर्रीच्या वाट्या आल्या. आणि मुलाच्या वडिलांनी, अशा बैठकीत विचारतात तसं, सहज विचारलं की मुलीला यंदा गुरुबळ आहे ना.

मी काकांचा गुडघा दाबला. उपयोग झाला नाही. काकांनी पाहुण्यांचीच वाटी पुढे ओढली. "हा वरचा लाल तवंग पाहा. हे थंड ढग. खाली चणे, तिथं गेला का भाजला. जीव राहते तो मधात." मुलाच्या आईने प्लेट खाली ठेवली. ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

तेव्हा मुलगा म्हणाला, "पण काका, जन्मभर तरंगून थकले का ते खालीच जातीन ना? मंग त्यायचा वंश कसा चालते?"

हे काकांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. आहे की नाही, एवढ्यावरच लोक भांडत. काकांनी चमच्याने तवंग जरा बाजूला सारला.

"पिल्लं हलकी असतात," ते सावकाश म्हणाले. "माय-बाप खाली जाऊन राहिले, का पिल्लं वर निघून जातात. वर गेली तरच जगतात."

बोलता बोलता त्यांची नजर दाराकडे गेली. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तो विषय स्वतः बंद केला. वाटी पाहुण्यांपुढे सरकवली आणि म्हणाले, गुरुबळ पत्रिकेत पाहून घ्या, आमच्याकडून होकार आहे.

मुलाची नोकरी वर दिल्लीला, म्हणून लग्न होऊन ताईही तिकडे गेली. काका अजूनही गुरूची बाजू घेतात, पण आवाज चढत नाही. परवा संध्याकाळी आम्ही गच्चीवर होतो, गुरू वर दिसत होता. या वेळी मीच सवयीने म्हटलं, अजून काही सापडलेलं नाही बरं.

"नसन सापडलं," काका म्हणाले. मग गुरू सोडून उत्तरेकडे पाहू लागले. "असन तर सुखात असन. वर थंडी लय पडते, एवढंच."