पेल्याची बारी

स्मरणिकेसाठी आपल्या चर्चच्या मंडळीचा इतिहास लिहून द्या, असं पाळकसाहेब म्हणाले तेव्हा मी हो म्हणून बसले आणि घरी येऊन स्वतःवरच चिडले. मी नर्स. सुई टोचणं मला जमतं, इतिहास कुठून सुरू करायचा ते जमत नाही. त्यात आमचा इतिहास म्हणजे एका पितळी पेल्याचा इतिहास, आणि कोरोनापासून तो पेला कपाटात बंद होता.

ताडकळसच्या पुढं, रस्त्यापासून आत, आमचं पत्र्याच्या छपराचं चर्च आहे. आम्ही प्रेस्बिटेरियन. म्हणजे आमच्यात बिशप नसतो. मंडळीनं निवडलेले वडीलजन पाळकासोबत बसून सगळं ठरवतात, आणि बहुतेक वेळा काहीच ठरत नाही. मीही त्या वडीलजनांत आहे. बाईमाणूस वडील कशी होणार, यावर एक अख्खी सभा चालली होती.

मायच्या आजीच्या काळात, म्हणजे माझ्या पणजीच्या, गावच्या महारवाड्यातली आणि मांगवाड्यातली काही घरं ख्रिस्ती झाली. त्यातलं आमचं घर कुठलं, ते मी इतिहासात लिहिणार नाही. गावानं दोघांनाही वेशीबाहेर ठेवलं होतं, तरी ही दोन वाड्यांची माणसं एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसत. आणि प्रभुभोजनात, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीत, तर सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यायचं. येशूनं काय काय सोसलं ते ऐकून डोळे पुसणारी माणसं पेला आला की अंग चोरायची. माझी पणजी वर्षभर पेला ओठाला न लावताच पुढं देत होती. "देवाचं पिते, पण दुसऱ्याचं उष्टं न्हाई," असं ती म्हणायची म्हणे.

शेवटी तेव्हाच्या वडीलजनांनी तोडगा काढला. दोन वाडे चर्चमध्ये वाटेच्या दोन बाजूंना बसायचे. एका खेपेला पेला या बाजूनं सुरू करायचा, पुढच्या खेपेला त्या बाजूनं. म्हणजे उष्टं आलटूनपालटून दोघांच्याही वाट्याला. आपली बारी आली तेव्हा पणजी प्यायली. पुढच्या खेपेला समोरच्यांचं उष्टंही प्यायली, आणि मग दिवसभर अंगणात बसून राहिली, आपल्याला काही होतंय का ते बघत. काही झालं नाही. मला हा इतिहास फार आवडतो, पण पाळकसाहेबांना स्मरणिकेसाठी तो हवा होता की नाही, कोण जाणे.

पुढं वाडे मिसळले, सोयरिकी झाल्या. बारी मात्र राहिली. माणसं ऊसतोडीवरून परतली की प्रभुभोजन ठेवायचं, आणि मागली बारी कुणाची होती यावर दोन म्हाताऱ्या माणसांनी भांडायचं, हा रिवाजच पडला. एक माझी माय, दुसरे समोरच्या बाजूचे, सगळे ज्यांना मामा म्हणतात ते. मामाही वडीलजनांत आहेत आणि भांडणात माझ्या मायला तोडीस तोड आहेत.

कोरोनात मी ठणकावून सांगितलं, एक पेला बंद. ज्याचा त्याचा छोटा प्लास्टिकचा कप. मी बरोबरच होते, आजही तेच सांगेन. पण तेव्हापासून मायनं प्रभुभोजन घेतलं नाही. कपांचा ट्रे आला की ती तो पुढं सरकवायची, थेट पणजीसारखी. "हे प्रभुभोजन हाय का खोकल्याचं औशीद?" असं मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणायची. मला तिचा राग यायचा, कारण खरं दुखणं मला माहीत होतं. कप आले तेव्हा बारी आमची होती.

यंदा मंडळीच्या वर्धापनदिनाला पेला बाहेर काढायचा ठरला. ज्यांना नको त्यांना कप. सभेत मी एकटीनं विरोध केला आणि हरले. नेमका तेव्हाच मायचा खोकला वाढला. परभणीला थुंकी तपासायला दिली. टीबीची शंका होती, आणि रिपोर्ट काही येईना.

"माय, तू पेल्यातून प्यायची न्हाईस," मी म्हणाले.

"बारी आपली हाय."

"रिपोर्ट येऊ दे. पुढल्या खेपेला पी."

"पुढल्या खेपेचं तू लिहून देतीस का?"

माझं कशातच लक्ष लागेना. दवाखान्यात पेशंट समोर बसलेला असायचा आणि मी फोन उलटा करून पुन्हा सुलटा करत असायचे. चहा केला की प्यायला विसरायचे. मला भीती वाटत होती. टीबीची नाही, टीबीला औषध आहे. मायचं अंग उतरलं होतं, ब्लाउज खांद्यावरून घसरत होता, आणि तिची ही बारी हिरावून घेणारी मीच होते. नर्स म्हणून मला शंका नव्हती. लेक म्हणून मात्र जीव थाऱ्यावर नव्हता.

रविवारी ती माझ्याआधी तयार होऊन बसली, ठेवणीतलं लुगडं नेसून. मग स्कुटीवर माझ्या मागं बसली. मी मनात ठरवून टाकलं होतं. पेला तिच्या हातात गेला की उठायचं आणि भर चर्चमध्ये तो काढून घ्यायचा. मग जन्मभर बोलली नाही तरी चालेल.

मनुका उकळून केलेल्या रसाचा वास सगळीकडं सुटला होता. पाळकसाहेबांनी भाकर दिली, मग आशीर्वाद मागून पेला उचलला आणि रिवाजाप्रमाणे आमच्या बाजूच्या सगळ्यात मोठ्या माणसाकडं, म्हणजे मायकडं आणला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. मी उठले.

माय पेल्यात बघत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून तीही उठली, सतरंज्यांमधली वाट ओलांडून पलीकडं गेली आणि पेला मामांपुढं धरला.

"दादा, तुमी घ्या."

मामांना यात काहीतरी डाव दिसला. "आक्का, बारी तुमची हाय. उगं मागून मला बोल लावताल."

"मला खोकला हाय. माझं उष्टं कुणाला नगं. समद्यांचं झाल्यावर आणा माझ्याकडं. मी शेवटी पिते."

कुणीतरी माझा पदर ओढून मला खाली बसवलं. मामा प्यायले. पेला त्यांची बाजू फिरून आमच्या बाजूला आला, पाळकसाहेब मधूनमधून तो भरत होते. बाया पदरानं काठ पुसून पुढं देत होत्या. विरोध करणारी मीही प्यायले. मग पेला मायला दिला. तळाशी थोडा रस होता आणि मनुक्याचं एक साल. तिनं मान मागं टाकून सगळा संपवला. त्या पणजीची नात साऱ्या मंडळीचं उष्टं प्यायली. मला रडू आलं, आणि इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही याचा रागही आला.

बाहेर चहा चालू होता. मामा म्हणाले, "चला, फिटली बारी. पुढल्या खेपेला आमी."

"कशी फिटली?" माय म्हणाली. "पहिले कोण पिलं? तुमी. आमची बारी तशीच हाय."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी वडीलजनांतली, निवाडा मीच करायचा. मायही बघत होती, बशी तशीच हातात धरून.

"मामा, बारी आमचीच ऱ्हायलीय," मी म्हणाले.

घरी येऊन इतिहास लिहायला बसले. रिपोर्ट अजून आला नव्हता. पणजीपासून सगळं लिहून काढलं आणि शेवटी लिहिलं, की पुढच्या खेपेला पेला आमच्या बाजूनं सुरू होईल, माझ्या मायपासून.