उखा नानांचं जर्मन

पडद्यावरचा माणूस बोलू लागला की उखा नाना हात वर करून लोकांना गप्प करत, डावा कान पडद्याकडे नेत आणि डोळे मिटून ऐकत. मग डोळे उघडून तो काय म्हणाला ते अहिराणीत सांगत. धुळ्याच्या पत्र्याच्या सिनेमागृहात हे पंधरा दिवस चाललं. मालकाने मुंबईहून एक जुना जर्मन बोलपट आणला होता आणि त्यातलं अक्षरही कोणाला कळत नव्हतं. मूकपटांच्या काळात नाना छडी घेऊन पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगत. बोलपट आले आणि त्यांचं काम गेलं. पहिल्या महायुद्धात ते खेचरांच्या तुकडीबरोबर फ्रान्सला जाऊन आले होते. जर्मन येतं का, असं मालकाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इतला जर्मन दखात, भाषा काय राही जाई?" इतके जर्मन पाहिले म्हणजे भाषाही आली, एवढ्यावर त्यांना काम मिळालं.

बोलपट शाळा सोडलेल्या पोरांचा होता. ती मोठ्या शहरात दिवसभर भटकत, दुकानांच्या काचा फोडत आणि घरी जेवणापुरती जात. एकमेकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. नानांची गोष्ट रोज थोडी बदले. एकदा मागून कोणी ओरडलं, "नाना, काल ती मावशी होती, आज माय कशी झाली?" नाना छडी न हलवता म्हणाले, "रातले तिन्हं पोर्‍याना बापसंगे लगीन लागनं." सगळं पत्र्याचं छप्पर हसलं.

पण त्या पोरांना प्रेक्षकांच्या शिव्या पडू लागल्या की नाना छडी आपटत. "कोना आंडोर, कोना पोर्‍या शे, हाई बठ्ठा इचारतस. कसा शे, हाई कोनी इचारत नही." आम्ही चौघं मित्र पुढे जमिनीवर बसलेलो असू. मी मॅट्रिकला दोनदा नापास झालेला होतो. बाकीच्यांची अवस्था बरी होती असं नाही. आमचा दिवस पांझरा नदीच्या काठी बसून जाई. नाना हे आम्हाला उद्देशून बोलतात, असा मला संशय येई आणि रागही येई.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं. जर्मनीचं नाव घेणंसुद्धा धोक्याचं झालं. बोलपट बंद पडला, डबे कोपऱ्यात गेले. त्याच आठवड्यात एका दुपारी साक्री रस्त्यावर आम्ही तारायंत्राची तार कापली. खांबावर मी चढलो होतो. देशासाठी कापली असं पुढे सांगता आलं असतं, पण ते खोटं ठरलं असतं. आम्हाला करायला काही नव्हतं, एवढंच.

तारेचं वेटोळं खांद्यावर टाकून वळलो तर समोर नाना. आपल्या गावाहून चालत येत होते. "काय करी राह्यनात रे?" एवढंच त्यांनी विचारलं. आम्ही पळालो आणि तार नदीच्या डोहात टाकली.

त्यानंतर आमची झोप उडाली. नाना चौकीकडे जातात का, यावर आम्ही पाळीपाळीने नजर ठेवली. ते पानाच्या दुकानाशी थांबले तरी आम्हाला वाटे, तिथे फौजदाराचा माणूस असेल. आपल्यातलाच कोणी आधी जाऊन सांगेल, अशीही धास्ती होती. आम्ही एकमेकांना एकटं सोडेनासे झालो.

तिसऱ्या दिवशी नानांनी मला सिनेमागृहामागे कडुनिंबाखाली बोलावलं. फडक्यातली अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्यापुढे सरकवला. "जेव. मन्हामांगे फिरी फिरी वाळी गया तू."

मी घास घेतला नाही.

"तुले वाटस, मी चौकीवर सांगी दिसू," ते म्हणाले. "मंग मन्हं बी एक आयकी ठेव. माले जर्मन येत नही. एक शब्द बी नही. पडदावरना तोंड दखस नि सांगस. मालकले समजनं तर माले दारमा उभं करावं नही. आते तुन्हं मन्हापाशी, मन्हं तुन्हापाशी."

माझ्या मनातली भीती जावी म्हणून त्यांनी स्वतःची अब्रू माझ्याकडे गहाण ठेवली होती. मी मात्र भाकरी खाताना विचार करत होतो, की यात यांचा डाव काय असेल.

दोन दिवसांनी नानांना पकडलं. जर्मन जाणणारा माणूस गावात, आणि तार कापलेली. फौजदाराला आणखी काय हवं होतं? नानांनी सांगितलं की आपल्याला जर्मन येत नाही. फौजदार हसला. सापडलेला हेर दुसरं काय सांगणार? सिनेमाला रोज कोण जात होतं अशी चौकशी झाली आणि मला चौकीवर नेलं. वडील कचेरीत कारकून होते. ते टोपी हातात घेऊन बाकावर बसले होते. नाना भिंतीशी उभे होते.

"खरं सांग, बाळ," फौजदार म्हणाला. "याला जर्मन येतं?"

येत नाही म्हटलं असतं, तर तुला कसं माहीत, असं त्याने विचारलं असतं. त्या धाग्याने तो खांबापर्यंत पोहोचला असता. मी वडिलांच्या टोपीकडे पाहिलं आणि म्हणालो, "येतं, साहेब. चांगलं येतं."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. सुटायला त्यांना फक्त माझं नाव घेणं पुरलं असतं. ते फौजदाराला म्हणाले, "पोर्‍या घाबरेल शे, साहेब. त्याले घर जाऊ द्या."

मी घरी गेलो. आपण नानांचं गुपित राखलं, असं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत आलो.

नाना तुरुंगातच तापाने गेले, हे मला युद्ध संपल्यावर कळलं. तोवर मलाही कचेरीत नोकरी लागली होती. मी साक्री रस्त्यावरच्या त्यांच्या गावी गेलो. त्यांची बायको अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिने पाणी दिलं. नाना कसे होते, हे मी बोलत राहिलो.

"चार पोर्‍या व्हतात, आसं तेस्नी सांगेल व्हतं," ती म्हणाली. "नावं नही सांगी. मी भेटाले गऊ तवय बी नही सांगी." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्यासमधला शेतस का?"

तेवढं कबूल करायलाच मी गेलो होतो.

"नाही, अक्का," मी म्हणालो. "मी कचेरीतून आलोय."

तिने मान हलवली आणि मिरच्या पालथ्या करू लागली. तिचा विश्वास बसला की नाही, मला कळलं नाही. तीही आता नाही, आणि माझ्या त्या तिघा मित्रांपैकीही कोणी उरलं नाही. म्हणून इथे लिहितो: तार मी कापली. नानांना जर्मन येत नव्हतं, आणि हे मला माहीत होतं.